तिसऱ्या पायरीवरची चप्पल : गुडघा बदलल्यानंतरच्या चालण्याचं एक प्रकरण

शस्त्रक्रियेनंतर अकराव्या आठवड्यात आक्का माझ्याकडे आल्या. वय ६३, उजवा गुडघा पूर्ण बदललेला, नऊ वर्षांपासून मधुमेह, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात घरची भातशेती. नाव-गाव सांगत नाही. लिहायची परवानगी त्यांनी दिली, ती 'माझ्या चपलीचं तेवढं लिव्हू नको' असं बजावून. पण या प्रकरणात चप्पल काढली तर काही उरतच नाही, म्हणून पुन्हा विचारलं. हसून म्हणाल्या, 'लिव्ह जा, कोण वळखतंय मला!'

बरोबर सून होती. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत फाईल. एक्स-रे चांगला, इम्प्लांट जागेवर, जखम कोरडी. शेवटच्या भेटीत सर्जननी लिहिलं होतं की प्रगती समाधानकारक आहे. माझ्या टेबलावर मोजलं तर गुडघा ११२ अंश वाकत होता, आडवं झोपवून हातानं सरळ केला तर पूर्ण सरळ होत होता. दुखणं दहापैकी दोन, कधी तीन. कागदावर तक्रारीला जागाच नव्हती.

आक्कांची तक्रार मात्र एका वाक्यात होती. 'पाय हाय, पर माझा न्हाई वाटत.'

हे वाक्य थोड्याफार फरकानं मी पुष्कळदा ऐकलं आहे. कुणी म्हणतं पाय लाकडाचा वाटतो, कुणी म्हणतं दुसऱ्याचा पाय लावल्यासारखा. आपण सगळे, त्यात आम्ही फिजिओथेरपिस्टही आलो, त्यावर 'होईल सवय' म्हणून पुढं जातो, कारण आपल्याला मोजायचं असतं ते वाकणं. घरी येणारा प्रत्येक पाहुणाही तेच विचारतो, 'किती वाकतो?' खरं तर सपाट जमिनीवर चालायला गुडघा साठ-पासष्ट अंश वाकला तरी भागतं. आक्कांकडे त्याच्या जवळजवळ दुप्पट होतं. तरी त्यांना चालता येत नव्हतं.

म्हणजे चालत होत्या, पण कशा? मी त्यांना दारापासून खिडकीपर्यंत चालायला सांगितलं. मान खाली, नजर उजव्या पायाच्या अंगठ्यावर, डावा हात भिंतीला. उजवं पाऊल पडताना टाच आधी टेकत नव्हती, अख्खं पाऊल एकदम थपकन पडायचं. पाऊल पडताच गुडघ्यानं पंधरा-वीस अंश जे हलकं वाकायचं असतं ते नव्हतंच. पाय काठीसारखा ताठ. मी म्हटलं, 'आक्का, समोर बघून चला.' त्यांनी मान वर केली आणि जागीच थांबल्या. 'वर बघितलं की पाय कुठं गेला कळत न्हाई, बाई. मी खाली बघूनच चालतो.' (आमच्याकडच्या बायका 'मी चालतो, मी येतो' असंच बोलतात, पुण्याच्या वाचकांनी गोंधळू नये.)

घरी दोनदा तोल गेला होता. एकदा मोरीत, एकदा रात्री परसात जाताना करंट गेला तेव्हा. दुसऱ्या वेळी गोठ्याचा खांब हाताला लागला म्हणून बचावल्या. तेव्हापासून अंधार पडला की त्या उंबऱ्याबाहेर जात नाहीत आणि संध्याकाळी पाच वाजल्यापासून पाणी पीत नाहीत. सुनेनं हे मला बाजूला घेऊन सांगितलं. सासूला ती आत्या म्हणते. 'आत्या मला उठवत न्हाईत रात्री, आणि आमच्यास्नी वाटतंय त्या बऱ्या झाल्या.'

काय मोजलं

बसलेल्या खुर्चीतून उठून तीन मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, या साध्या चाचणीला 'टाइम्ड अप अँड गो' म्हणतात. १९९१पासून ती वापरात आहे. साडेतेरा सेकंदांपुढे वेळ गेली तर पडण्याचा धोका जास्त धरतात. आक्कांना १७.४ सेकंद लागले, त्यातला मोठा वाटा वळण्यात गेला. दहा मीटर चालायला १४ सेकंद. अर्ध्या मिनिटात खुर्चीतून उठ-बस सात वेळा. पावलं जुळवून डोळे मिटून उभं केलं तर सहाव्या सेकंदाला पाऊल बाजूला पडलं. मी मागे उभी होतीच. ही चाचणी घरी एकट्यानं करायची नाही, हे इथंच सांगून ठेवते.

मग सांध्याच्या स्थितीची जाण. शब्द जड आहे, गोष्ट साधी. डोळे मिटून हात डोक्यावर न्या. हात कुठं आहे हे न बघता कळतं ना, तेच. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९०६मध्ये या जाणिवेला प्रोप्रिओसेप्शन हे नाव दिलं. मी पेशंटशी बोलताना 'खबर' म्हणते. पायाची खबर मेंदूला पोचते का, वेळेवर पोचते का, बरोबर पोचते का.

मोजायची महागडी यंत्रं असतात, माझ्याकडे नाहीत. मोबाईलमधलं कोन दाखवणारं ॲप, जुनं क्रेप बँडेज आणि उंच टेबल एवढ्यावर भागतं. आक्कांना टेबलाच्या कडेला पाय लोंबते सोडून बसवलं. लुगडं गुडघ्याच्या वर घेतलं, कारण कापडाचा काठ पोटरीला घासला तरी मेंदूला चोरून उत्तर मिळतं. मोबाईल नडगीवर बांधला. डोळे मिटा म्हटलं तर त्या मधूनच उघडायच्या, म्हणून पदरच डोळ्यांवरून घेतला. मी पाय एका कोनात नेऊन पाच मोजेपर्यंत धरायचा, परत खाली सोडायचा, मग त्यांनी स्वतः तो तिथं न्यायचा आणि 'हां' म्हणायचं. तीस, पंचेचाळीस आणि साठ अंश, प्रत्येकी तीनदा.

उजव्या पायाची सरासरी चूक ८ अंश निघाली. पाचच्या आत असेल तर मी फार काळजी करत नाही. मोबाईलची पद्धतही एक-दोन अंशांनी हलते, म्हणून एखाद्या अंशाच्या फरकावर मी कधी बोलत नाही. पण आठ म्हणजे आठ. पंचेचाळीस अंशांवर धरलेला पाय आक्का छत्तिसाव्याच अंशावर थांबवून ठामपणे 'हां' म्हणाल्या, तेव्हा सून तोंडावर हात ठेवून हसली आणि लगेच गप्प झाली.

मग डावा तपासला. शस्त्रक्रिया न झालेला, त्यांच्या भाषेत 'चांगला' पाय. सरासरी चूक ६ अंश.

इथं मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. डाव्या गुडघ्यातही झीज आहे, झिजलेल्या गुडघ्यात ही जाण आधीच कमी झालेली असते, तेव्हा साहजिक आहे, असं मनाशी म्हणून मी ते आकडे वहीत लिहिले आणि कामाला लागले. माझं म्हणणं चूक नव्हतं. अपुरं होतं.

खबर देणारे कोण

गुडघा बदलताना आतलं काय जातं? झिजलेली हाडांची टोकं कापली जातात, दोन्ही गाद्या म्हणजे मेनिस्कस काढल्या जातात, पुढचं क्रुसिएट लिगामेंट, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना हाड बांधणारा पट्टा, बहुतेक पद्धतींत कापलं जातं. मागचं काही पद्धतींत ठेवतात, काहींत काढतात. या सगळ्यांत ताण आणि दाब ओळखणाऱ्या संवेदी पेशी असतात. त्यामुळे साहजिक प्रश्न येतो की एवढं सगळं काढल्यावर खबर द्यायला उरलं कोण?

उरतात ते स्नायू. प्रत्येक स्नायूच्या आत त्याची लांबी मोजणाऱ्या बारीक रचना असतात, मसल स्पिंडल. सांध्याच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे आपण चालताना जिथं असतो तिथं, खबरीचं मुख्य काम त्याच करतात. लिगामेंटमधल्या आणि सांध्याच्या वेष्टनातल्या पेशी मुख्यतः अगदी टोकाला ओरडतात, गुडघा पार ताणला किंवा पार मुडपला तेव्हा. १९७२मध्ये काही संशोधकांनी दाखवलं की स्नायूच्या दोरीवर, टेंडनवर, बाहेरून कंपन दिलं तर माणसाला हात न हलवता हलल्याचा भास होतो. सांध्याला हातही न लावता भास निर्माण झाला, म्हणजे खबर स्नायूतून येते.

म्हणूनच गुडघा बदलल्यावर स्थितीची जाण सगळ्यांचीच बिघडते असं नाही. काहींची सुधारलेली आढळते, काहींची होती तशीच राहते. मागचं लिगामेंट राखल्यानं हमखास फायदा होतो असंही ठरलेलं नाही. वाकडा पाय सरळ झाला, सूज आणि दुखणं गेलं, तर उरलेल्या पेशींना नीट काम करता येतं. उलट पहिल्या महिन्यात क्वाड्रिसेप्स, म्हणजे मांडीचा पुढचा मोठा स्नायू, निम्म्याहून जास्त ताकद गमावून बसतो. ज्याच्याकडून खबर यायची तोच आजारी. आक्कांचा पाय त्यांच्या ताकदीनं सरळ करायला सांगितला की शेवटचे पाच अंश उरत होते. माझ्या हातानं मात्र पूर्ण व्हायचा. अकराव्या आठवड्यात हे बरं लक्षण नव्हे.

जखमेच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढा भाग बधीर होता. आक्कांची खात्री होती की खबर तिथंच अडली आहे. तो बधीरपणा त्वचेच्या एका बारीक नसेचा असतो, काप देताना ती वाचवणं बहुधा जमत नाही, आणि त्याचा तोल जाण्याशी फारसा संबंध नसतो. शेकायला गरम पाण्याची पिशवी मात्र तिथं ठेवायची नाही. भाजलं तरी कळत नाही. त्या ती ठेवत होत्या.

पहिले तीन आठवडे

आक्का आठवड्यातून दोनदा बसनं यायच्या. खानापूरहून बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर. कर्नाटक सरकारची शक्ती योजना २०२३च्या जूनमध्ये सुरू झाली तेव्हापासून बायकांना तिकीट नाही, म्हणूनच दोनदा येणं परवडलं. पण त्याच कारणानं बसला गर्दी. त्यांची खरी परीक्षा उतरताना व्हायची. बसची शेवटची पायरी उंच, खाली रस्ता कुठं आहे ते गर्दीत दिसत नाही, आणि पाय तर न बघता टाकता येत नाही. दारात त्या अडल्या की मागून कंडक्टर ओरडायचा, 'आक्का, लगू इळीरी!' म्हणजे लवकर उतरा. त्या घाबरायच्या, पाय आणखी ताठ व्हायचा.

रुग्णालयातून मिळालेला व्यायामाचा कागद इंग्रजी आणि कानडीत होता. आक्का चौथीपर्यंत शिकल्या, मराठी शाळेत. कानडी बोलतात झकास, वाचता येत नाही. सून कानडी वाचते, पण 'क्वाड्रिसेप्स' कानडी लिपीत लिहिलं म्हणून कळत नाही. सीमाभागात हे रोजचं आहे, त्यावर मी चिडणंही सोडलं आहे. कागदात तीनच गोष्टी होत्या : घोटा हलवा, मांडी आवळा, गुडघा वाकवा. तोलाचा एक शब्द नव्हता.

मी त्यांना दिलं ते असं. आधी ताकद. खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा मोजेपर्यंत धरणं, खुर्चीतून हात न लावता उठणं, स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून अर्धं बसणं. मग खबर. त्यांच्या सोप्यात शहाबादी फरशी आहे. टाचेखाली कापड घेऊन खुर्चीत बसायचं, फरशीवर सुनेनं खडूनं तीन रेघा मारायच्या. डोळे उघडे ठेवून टाच दुसऱ्या रेघेवर न्यायची, परत आणायची, मग डोळे मिटून त्याच रेघेवर. डोळे उघडून किती चुकलं ते बघायचं. स्वतःची चूक स्वतः बघणं यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. नुसतं डोळे मिटून शंभर वेळा केलं तर चुकीचीच सवय लागते. नातवाला यात खेळ सापडला. तो गुण द्यायचा. एकदा आजीला शून्य दिला म्हणून जेवणाच्या वेळी भांडण झालं.

तोलासाठी मऊ जमीन. माझ्याकडे फोमची गादी आहे, त्यांच्याकडे भाताच्या तुसानं अर्धं भरलेलं पोतं होतं. पोतं गादीपेक्षा सरस निघालं, कारण तूस पायाखाली दर वेळी वेगळं सरकतं. दोन्ही बाजूंना खुर्च्या, मागे सून. आडवं चालणं, उलटं चालणं, जमिनीवर टाकलेल्या दोरीवरून पाय उचलून जाणं. आणि सपाट सोप्यात चालताना समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं, 'आधी टाच, मग बोटं' असं म्हणत.

चौदाव्या आठवड्यात पुन्हा मोजलं. ताकद सुधारली होती. उठ-बस सातची दहा झाली, शेवटचे पाच अंश दोनवर आले. पण तीन मीटरची चाचणी पंधरा सेकंदांवर अडकली, डोळे मिटून उभं राहणं सहाचं सात सेकंद, कोनाची चूक आठची सात. पोत्यावर तर दुसऱ्या दिवसासारखीच डळमळ. आक्का व्यायाम चुकवत नव्हत्या. सुनेनं कॅलेंडरवर रोज फुली मारली होती. मी त्यांना म्हटलं, 'वेळ लागतो, आक्का.' पेशंट सुधारत नाही आणि आपल्याला कारण सापडत नाही, तेव्हा आपण हे वाक्य वापरतो. माझ्या धंद्यातली ही पळवाट मला चांगली ठाऊक आहे.

चप्पल

जूनचा पहिला पाऊस झाला त्या दिवशी आक्का आल्या, नेहमीच्या खुर्चीत बसल्या, पाठीमागून सून छत्री झटकत आली. माझं लक्ष खाली गेलं. आक्कांच्या उजव्या पायात चप्पल, डावा पाय अनवाणी.

'आक्का, दुसरी चप्पल?'

त्यांनी खाली बघितलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते आश्चर्य होतं. विसरलेलं माणूस तसं बघत नाही. 'आगं बया. कवा सुटली?'

चप्पल जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होती. तिथून खुर्चीपर्यंत पंधरा-सोळा पावलं, अर्धा ओला जिना, कोरडी गुळगुळीत फरशी, दाराशी काथ्याचं पायपुसणं. एवढं सगळं उघड्या तळव्याखालून गेलं आणि त्यांना कळलं नव्हतं. तेही डाव्या पायानं, ज्याला शस्त्रक्रियेचं बोटही लागलेलं नाही. सून सहज म्हणाली, 'आत्यांचं नेहमीचंच हाय ते. शेतात तर कितीदा चप्पल हुडकत फिरतोय आम्ही.'

कधीपासून? ऑपरेशनच्या आधीपासून. दोन वर्षं तरी.

मला स्वतःचा राग आला. डाव्या पायाची सहा अंशांची चूक माझ्या वहीत तीन आठवडे पडून होती. मी गुडघ्याच्या खाली बघितलंच नव्हतं. गुडघ्याचा पेशंट म्हणून आल्या, मीही गुडघ्यापुरतीच झाले.

त्याच दिवशी १२८ हर्ट्झचा कंपनकाटा काढला. तो ठोकून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवतात आणि कंपन थांबलं की सांगायला सांगतात. आक्कांनी चार सेकंदांत 'थांबलं' म्हटलं, दोन्ही पायांना. काटा उचलून माझ्या बोटावर ठेवला तर चांगला गुणगुणत होता. घोट्यावर जास्त वेळ कळलं, गुडघ्यावर आणखी जास्त. म्हणजे खबर बोटांकडून वर येताना अडत होती. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या दोऱ्यानं तळव्याला स्पर्श केला, दहापैकी सात जागी कळला. टाचेमागची प्रतिक्षिप्त क्रिया दोन्हीकडे मंद.

नऊ वर्षांचा मधुमेह, आणि नऊ वर्षं मेटफॉर्मिनची गोळी. मधुमेहानं पायाच्या नसा जातात हे सगळ्यांना माहीत असतं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यावर ब जीवनसत्त्वातलं बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्यानंही नेमकी हीच खबर, कंपनाची आणि स्थितीची, मंदावते, हे कमी जणांच्या लक्षात राहतं. बी-१२ म्हटलं की आपण शाकाहारी माणूस डोळ्यांसमोर आणतो. आक्कांच्या घरी आठवड्यातून दोनदा सुकी मासळी असते. मी चिठ्ठी देऊन त्यांच्या फिजिशियनकडे पाठवलं. तपासणीत बी-१२ १४६ पिकोग्रॅम आलं. साधारण दोनशेच्या खाली कमतरता धरतात. तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीए१सी, ७.४ टक्के. डॉक्टरांनी बी-१२ची इंजेक्शनं सुरू केली आणि साखरेच्या गोळ्यांत बदल केला. ते काम त्यांचं. गोळी बंद करा असं मी कुणाला सांगत नाही, वाचणाऱ्यांनीही हे वाचून करू नये.

आता चित्र जुळलं. माणूस तोल सांभाळतो तो तीन ठिकाणच्या खबरीवर : डोळे, कानाच्या आतलं तोलाचं इंद्रिय, आणि पाय. आक्कांचे तळवे हळूहळू मुके होत गेले तशी सगळी भिस्त गुडघ्याच्या आणि मांडीच्या खबरीवर आणि डोळ्यांवर आली. त्यात दोन्ही गुडघे झिजलेले. तरी सवयीनं, वेदनेच्या आधारानं, चाललं होतं. दुखतं म्हणजे पाय तिथं आहे, एवढं तरी कळायचं. मग एका सकाळी गुडघा बदलला, वेदना गेली, मांडी लुळी पडली. उरले डोळे. म्हणून अंगठ्यावरची नजर, म्हणून अंधारात उंबऱ्याच्या आत. शस्त्रक्रियेनं खबर तोडली नव्हती. आधीच कमी असलेल्या खबरीवरचं पांघरूण काढलं होतं.

बदललेला आराखडा

व्यायाम टाकले नाहीत, जागा बदलली. तुसाच्या पोत्यावर डोळे मिटून उभं राहणं बंद केलं. ज्याच्या तळव्याची खबर जाते त्याला मऊ जमीन देऊन डोळेही काढून घेतले तर शिकायला काही उरतच नाही, नुसती भीती वाढते. त्याऐवजी टणक फरशीवर, अनवाणी, सुनेनं तळवे बघून खात्री केल्यावर, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं. बोटाचा हलका स्पर्श भिंतीला. एका बोटाच्या टोकाचा स्पर्शही तोलाला मोठा आधार देतो, भार न टाकता. हाच विचार पुढं नेऊन काठी दिली. आक्कांना काठी म्हणजे म्हातारपण वाटायचं. 'ही टेकायला नाही, विचारायला आहे,' मी म्हटलं, 'जमीन कुठं आहे ते काठी हाताला सांगेल, हात चांगला आहे तुमचा.' हे त्यांना पटलं.

गुडघ्यावर कापडी लवचिक पट्टा, नी-स्लीव्ह, फक्त बाहेर जाताना. तो गुडघा धरत नाही, त्वचेला ओढ देऊन थोडी जास्त खबर देतो. काहींना फरक पडतो, काहींना नाही. आक्कांना पडला. मागं पट्टा असलेली बंद सँडल घेतली. मोरीत आणि परसाच्या वाटेवर चार्जिंगचा दिवा लावला, करंट गेला तरी जळणारा. सगळ्यात स्वस्त इलाज हाच होता, आणि संध्याकाळचं पाणी त्यानंच परत सुरू झालं.

बसच्या पायरीचा सराव क्लिनिकच्या जिन्यावर केला. उतरताना उजवा पाय आधी खाली, काठी त्याच्याबरोबर, डावा मागून. चढताना डावा आधी. उतरताना नजर एकदाच खाली, मग समोर. कंडक्टरला कानडीत ठणकावून 'स्वल्प निल्लरी' म्हणायचं, थोडं थांबा म्हणून, हेही सरावात घेतलं. ते त्यांनी पहिल्याच दिवशी झकास केलं.

मग जुलै आला आणि लावणीचा प्रश्न. खानापूर तालुक्यात पाऊस मुक्कामाला येतो. सगळं गाव शेतात असताना घरी बसणं आक्कांच्या जिवावर आलं होतं. 'मी काय लावणी करत न्हाई, नुसता बांधावर उभा राहून येतो.' नुसतं उभं राहणाऱ्या आक्का मला ठाऊक होत्या. चिखलात पाऊल रुतलेलं असताना कमरेतून वळणं म्हणजे नव्या गुडघ्याला पीळ, आणि मुक्या तळव्याला चिखल म्हणजे रात्रीच्या अंधारासारखाच. वाकून मागे सरकत लावणी करायला मी साफ नाही म्हटलं. तडजोड अशी झाली : तरव्याच्या कडेला, कोरड्या जागी, उंच पाटावर बसून रोपांच्या जुड्या बांधायच्या. बांधावरून जायचं ते काठी घेऊन, सून पुढं, दिवसाउजेडी. आणि घरी आल्यावर तळवे, बोटांच्या बेचक्या रोज तपासायच्या. काटा रुतला तरी त्यांना कळणार नाही. जुड्या बांधताना त्यांनी सगळ्यांवर हुकूम चालवला, असं सून म्हणाली. म्हणजे बऱ्या होत होत्या.

शस्त्रक्रियेला सहा महिने झाले तेव्हा, ऑगस्टच्या शेवटी, मोजलं. तीन मीटरची चाचणी ११.६ सेकंद. दहा मीटर १०.२ सेकंदांत. उठ-बस बारा. डोळे मिटून उभं राहणं २४ सेकंद. कोनाची चूक उजवीकडे ४, डावीकडे ५ अंश. कंपनकाटा चारऐवजी सात सेकंद कळला. वाकणं ११२चं ११५ झालं, त्याला मी काही महत्त्व देत नाही.

यातलं काय कशानं झालं, ते मी सांगू शकत नाही. इंजेक्शनं, साखर, मांडीची ताकद, खडूच्या रेघा, काठी, आणि नुसते गेलेले आठवडे, सगळं एकाच वेळी चाललं होतं. गुडघा बदललेला माणूस पहिले सहा महिने तसाही सुधारतच असतो. एका पेशंटवरून सिद्ध काही होत नाही. मला एवढंच दिसलं की पहिले तीन आठवडे ताकद वाढूनही तोल हलला नव्हता, आणि नंतर हलला. डाव्या पायाची चूकही कमी झाली, जरा कमी, पण झाली. त्या पायाचा गुडघा अजून जुनाच आहे. नसांचं किती भरून येईल हे वर्षभरानं कळेल. मधुमेहानं गेलेलं सगळं परत येत नाही, हे आक्कांना सांगितलं आहे. रात्री दिवा आणि काठी सुटलेली नाही, सुटावी असा माझा आग्रहही नाही.

गुडघ्याच्या पेशंटची माझी तपासणी आता अंगठ्यापासून सुरू होते. कंपनकाटा कपाटातून टेबलाच्या खणात आला आहे. मधुमेह असो वा नसो, पहिल्याच दिवशी विचारते, 'चालता चालता चप्पल सुटते का, आणि सुटलेली कळते का?' बहुतेकांना हा प्रश्न वेडगळ वाटतो. एखादा मात्र बायकोकडे बघतो.

आक्कांना आता डाव्या गुडघ्याची घाई झाली आहे. 'दोन्ही एकसारखे होऊ देत की.' सर्जनना भेटायला जायचं ठरलं आहे. दोन्ही पायांच्या कंपनाचे सेकंद, तळव्याच्या स्पर्शाच्या जागा, कोनाच्या चुका आणि बी-१२चा ताजा आकडा असा कागद मी या वेळी शस्त्रक्रियेच्या आधीच करून दिला आहे. एक प्रत सर्जनसाठी इंग्रजीत, एक आक्कांसाठी मराठीत, ठळक अक्षरात. मराठीच्या प्रतीवर नातवानं खाली खडूच्या तीन रेघा काढल्या आहेत आणि शेजारी दहापैकी नऊ गुण दिले आहेत.